विलंबाचे कारण

मे महिन्यातल्या एका भर दुपारी आमच्या शेजारच्या भाऊसाहेबांनी चिवड्याच्या रिकाम्या डब्याचा पंचनामा केला. डबा चोरीला गेला नव्हता, चेपलाही नव्हता. त्याची सावली नाहीशी झाली होती.

आमच्या भागात वर्षातून दोनदा सूर्य दुपारी बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली दडते. एवढीच गोष्ट. पण भाऊसाहेबांनी अंगणात डबा उभा केला, दोन पंच बोलावले, मांडीवर पॅड घेतलं आणि लिहिलं : ‘सदर डब्याची सावली जागेवर आढळून आली नाही. आजूबाजूस शोध घेतला. कोणावरही संशय नाही. काही मिनिटांनी सावली पूर्वेच्या बाजूने आपणहून परत आली. सबब पंचनामा येथे पुरा केला.’

पंचांपैकी एक मी. दुसरे गिरणीवाले बबनराव, ज्यांना दळण अर्धवट टाकून यावं लागलं होतं.

“भाऊसाहेब, करू का सही? गिरणी चालू हाय माझी.”

“आधी डब्याकडे बघा.”

“बघितलं.”

“काय दिसलं?”

“डबा.”

“आणि काय दिसलं नाही?”

बबनरावांनी आत, स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं आणि म्हणाले, “चिवडा.”

भाऊसाहेब हसले नाहीत. पंचनामा चालू असताना ते हसत नाहीत. बबनरावांनी पिठाच्या हाताने सही केली आणि कागदावर नेहमीसारखा त्यांचा पांढरा अंगठा उमटला.

तलाठ्याला आमच्याकडे सगळे भाऊसाहेब म्हणतात. हे भाऊसाहेब पारनेर तालुक्यातल्या निम्म्या गावांत तलाठी होते. निवृत्त होऊन आमच्या गावी घरी परतले, पण त्यांचा हात निवृत्त झाला नाही. आयुष्यभर जमिनीचं लिहिलं, आता आभाळाचं लिहितात. कुठलंही आभाळ नव्हे. रोजच्या उगवण्या-मावळण्याशी त्यांना कर्तव्य नाही. आभाळाने काही वेडंवाकडं केलं, की त्यांचं पॅड निघतं. ढगाला मधोमध गोल भोक पडलं, पंचनामा. डोक्यावर उलटं इंद्रधनुष्य दिसलं, पंचनामा. एका संध्याकाळी सूर्य पश्चिमेला मावळत असताना किरणांचे पट्टे पूर्वेला एका बिंदूत जाऊन मिळाले, त्याचा पंचनामा दीड पान झाला, कारण भाऊसाहेबांना ‘सूर्य या बाजूस नसताना किरण या बाजूस कसे’ याचा खुलासा कुणाकडून घ्यावा ते ठरवता येईना.

प्रत्येक पंचनाम्यात चतुःसीमा असते. ढगाच्या भोकाची मी तोंडपाठ केली आहे : ‘पूर्वेस बबनरावांच्या गिरणीचा पत्रा, पश्चिमेस पाण्याची टाकी, उत्तरेस शाळेचा झेंडा, दक्षिणेस विजेचा खांब. वरील बाजूस हद्द आढळून आली नाही.’

माणूस किडकिडीत, मान लांब आणि कायम वर. पायजम्याची एक बाजू चिखलाने भरलेली, कारण खाली बघायला सवड नसते. जेवतानासुद्धा घास हातात घेऊन दोनदा अंगणात येतात. गच्चीचा जिना दिवसातून किती वेळा चढतात, ते मोजायचं मी सोडून दिलं आहे. आमची भिंत एक आहे. भिंतीपलीकडे त्यांच्या चपला वाजतात आणि अलीकडे माझ्या डोक्यात. आभाळ काही वेळ ठरवून येत नाही, त्यामुळे भाऊसाहेबांना बसताच येत नाही.

आणि त्यांचा एक प्रश्न. तो त्यांनी विचारला नाही असा माणूस गावात नसेल : “समक्ष की ऐकीव?”

भाजीवाली म्हणाली, कोथिंबीर आजच तोडली. “समक्ष की ऐकीव?” पुतण्याचा फोन आला, मुलगी फार गुणी आहे, लग्न ठरवतोय. “समक्ष की ऐकीव?” पुतण्याने फोन ठेवला. लग्नाचं बोलावणं मात्र आलं, पण ते त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या नावाने.

माझी आणि त्यांची ओळख अशाच प्रश्नाने झाली. शेजारी म्हणून, ते सुट्टीला घरी येत तेव्हा, मी त्यांना लहानपणापासून पाहत होते, पण ओळख त्या दिवशी झाली.

माझे वडील पत्रकं छापत. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, पाण्यासाठी, बुवाबाजीविरुद्ध. घरात धान्याच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. माझं नाव क्रांती का आहे, हे आता वेगळं सांगायला नको. एका सकाळी सूर्याभोवती मोठं खळं पडलं आणि गावात कुजबुज सुरू झाली : काहीतरी वाईट होणार, गरोदर बाईने बाहेर पडू नये, देवळात तेल घाला. माझं डोकं फिरलं. मी तासाभरात पत्रक लिहिलं. ‘खळे म्हणजे उंच ढगांतील बर्फाच्या कणांचा खेळ. भिऊ नका. भिववणाऱ्यांना जाब विचारा.’ झेरॉक्स काढल्या आणि दुपारी स्वतः घरोघर वाटल्या.

संध्याकाळी भाऊसाहेब एक प्रत घेऊन दारात उभे.

“मजकूर बरोबर आहे,” ते म्हणाले. “तू खळं पाहिलंस?”

“म्हणजे? पुस्तकात त्याचं सगळं…”

“पुस्तकातलं नाही विचारलं. सकाळचं. समक्ष की ऐकीव?”

सकाळी तासभर मी मान खाली घालून पत्रक लिहीत बसले होते. खळं माझ्या छपरावर होतं आणि मी एकदाही वर पाहिलं नव्हतं.

त्यांनी पत्रकावर बोट ठेवलं. “यात त्याचं माप नाही. हात लांब कर, बोटं ताण. सूर्य टाकीच्या आड धरायचा आणि तिथून एक वीत मोजायची. वीत संपते तिथे खळं. बाईमाणसाला सांग, भिऊ नकोस, वीत लावून बघ. मग ती भिणार नाही. तू नुसतं ‘भिऊ नका’ लिहिलंस, ते तर बुवासुद्धा सांगतो.”

माझ्या आयुष्यात माझ्या पत्रकावर इतकी नेमकी टीका कुणी केली नव्हती. मला राग आला. दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या गच्चीवर होते.

तिथून माझी कायमची पंच म्हणून नेमणूक झाली. मी सुप्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. पट्ट्यावरून सुटे भाग येतात, ते मोजायचे आणि बरोबर असतील तर कागदावर सही करायची. वरचे साहेब म्हणतात, पेटीतला एक तपास आणि सगळ्यांवर सही कर. मी करत नाही. न पाहिलेल्या मालावर मी सही करत नाही, यावरून माझी दोनदा पाळी बदलली गेली आहे. भाऊसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच एखादं उलटं इंद्रधनुष्य आहे.

एवढ्या सगळ्या धावपळीत एक माणूस कधी बाहेर येत नसे. शालनकाकू.

दर वेळी तोच प्रकार. भाऊसाहेब जिन्यावरून धडधडत खाली येणार, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहणार. “शालन, ये ना. बघ तरी. ढगाला काठावर सगळे रंग आलेत, मोरपिसासारखे.”

काकू पोळी लाटत असत, किंवा शेंगा फोडत. मान वर न करता म्हणत, “मला चक्कर येते.”

भाऊसाहेब क्षणभर उभे राहत आणि परत जिना चढत. एरवी बोलण्यात कुणाला हार न जाणारा माणूस या तीन शब्दांपुढे काही बोलत नसे. मला वाटे, काकूंचं रक्त कमी असेल. एकदा मी त्यांना म्हणाले, “काकू, तालुक्याला जाऊन तपासून घेऊ. चक्कर बरी नव्हे.”

काकूंनी शेंगेचं टरफल सुपात टाकलं. “मला कसली गं चक्कर? टाकीवर चढून क्लोरीन टाकून येते मी, तो शिपाई नसला की.”

“मग?”

“मग काय? त्यांनी सांगितलंय, मला चक्कर येते. तलाठ्यानं सांगितलं म्हणजे खरंच आसंल.”

आणि पुढची शेंग.

मी हे भाऊसाहेबांना विचारलं असतं, पण विचारण्याआधीच त्यांनी मला एक कागद दाखवला. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. गच्चीवर त्यांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्या तळातून त्यांनी एक पंचनामा काढला. अक्षर त्यांचंच, कागद बराच जुना. ‘सकाळी सूर्य उगवून सुमारे एक तास झाल्यावर सूर्याच्या दोन्ही बाजूंस समान उंचीवर आणखी दोन सूर्य दिसले.’ खाली पंचांच्या जागा दोन्ही रिकाम्या.

“इथे सही कर,” ते म्हणाले.

“हे कधी घडलं?”

“तुझ्या जन्माच्या आधी.”

“मग मी कशी सही करू? तुम्ही पाहिलंत?”

“शालनने पाहिलं,” ते म्हणाले.

तेव्हा त्यांची नेमणूक दुसऱ्या गावात होती. गारपीट झाली होती आणि सकाळी सकाळी ओसरीवर नुकसानीचे पंचनामे लिहिणं चाललं होतं. माणसं बसलेली, चहा व्हायचा होता. काकू पाणी भरायला गेल्या होत्या. त्या रिकाम्या हंड्यानिशी पळत आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, अहो, बाहेर या, तीन सूर्य उगवलेत.

“मी म्हणालो, हिला उपाशीपोटी चक्कर येते.” भाऊसाहेब पेटीच्या कडीशी खेळत होते. “लोक हसले.”

“आणि तुम्ही उठून पाहिलं नाही?”

“हातात काम होतं. नंतर कुणीतरी बाहेर गेलं, तोवर ढग आले होते. ती आत गेली. सगळ्यांना चहा केला. त्यानंतर तिने मला आभाळातलं काही सांगितलं नाही. कधीच. बऱ्याच वर्षांनी वर्तमानपत्रात फोटो आला. मधे सूर्य, दोन बाजूंना दोन. बर्फाचे कण असतात उंचावर, त्यांनी होतं. कुठल्यातरी थंड मुलुखातला होता. मी तो फोटो घेऊन तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, मला कशाला दाखवता, मला चक्कर येते.”

त्या रात्री मी झोपेपर्यंत भिंतीपलीकडच्या चपला ऐकत होते. आता त्यांचा मला त्रास झाला नाही. हा माणूस आभाळ बघत नव्हता. एकाच गोष्टीची वाट बघत होता, आणि मधे जे जे येईल त्याचा पंचनामा करत होता.

पण सही मी केली नाही.

मला ते सोपं गेलं नाही. वडिलांचं एक पत्रक मला पाठ आहे, झाडाखाली बसून लिहिलेल्या पंचनाम्यांविरुद्धचं. शेतात पाय न टाकता पीक किती गेलं ते लिहायचं, आणि ज्यांनी काही पाहिलं नाही अशा दोघांच्या सह्या घ्यायच्या. त्या पत्रकात एक ओळ आहे : ‘न पाहता केलेली सही ही खोटी साक्ष आहे, मग ती कितीही दयेने केलेली असो.’ मी भाऊसाहेबांना ती ओळ म्हणून दाखवली. मला वाटलं, ते चिडतील. त्यांनी कागद घडी करून पेटीत ठेवला.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “तू सही केली असतीस तर मी तुला पुन्हा पंच केलं नसतं.”

मग पेटी बंद करून, पाठ वळवून म्हणाले, “पण तिची सही राहिली, क्रांते. माझं वय झालं. तिचंही.”

त्यानंतर ते अधिकच अस्वस्थ झाले. थंडी सुरू झाली होती आणि सकाळी उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग येऊ लागले होते. भाऊसाहेब उजाडल्यापासून गच्चीवर. दहापर्यंत खाली येत नसत. काकू जिन्याखालून ओरडत, “चहाचं पाणी झालंय, गारढोण. वरच पाठवू का खालीच वतू?” वरून उत्तर येत नसे. मग काकू चहा घेऊन जिना चढत, शेवटच्या पायरीवर कप ठेवत आणि गच्चीवर पाऊल न टाकता, वर न बघता उतरत. हे मी माझ्या खिडकीतून रोज पाहिलं. कुणी म्हणेल, एवढा काय राग. मला तो राग मान्य होता. बाईने डोळ्यांनी पाहिलेलं चारचौघांत हसण्यावारी नेलं, तर तिने किती वर्षं गप्प राहावं, हे ठरवणारे आपण कोण?

आणि मग ती सकाळ आली, तेव्हा नेमके भाऊसाहेब गच्चीवर नव्हते.

त्यांना ताप होता. काकूंनी त्यांना घोंगडीखाली दाबून झोपवलं होतं. मी कारखान्याच्या बसची वाट बघत फाट्यावर उभी होते. माझ्यासोबतची दहा-बारा माणसं मोबाईलमध्ये. सूर्य चांगला वर आला होता. मी सवयीने त्याला हाताच्या अंगठ्याआड धरला आणि वीत लावली.

वीत जिथे संपली, तिथे दुसरा सूर्य होता. आतल्या बाजूने तांबूस, मग पिवळा, बाहेर पांढरी शेपटी. हात बदलला. दुसऱ्या बाजूलाही वीत लावली. तिथेही.

तेवढ्यात बस आली. चालक म्हणाला, “चला ताई.” मी म्हणाले, “वर बघा.” तो म्हणाला, “उशीर झालाय.” मी बस सोडून गावाकडे पळाले. आयुष्यात मी मोर्चात पळाले आहे, पोलिसांपुढे पळाले आहे, पण जेवणाचा डबा हातात घेऊन अशी कधी पळाले नव्हते. गिरणीपाशी ओरडले, “बबनराव, पॅड नाही, काही नाही, असेच या.” बबनरावांनी गिरणी बंद केली. माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच.

भाऊसाहेब घोंगडीत उठून बसले होते. पळण्याचा आवाज त्यांनी ओळखला असावा.

“तीन आहेत,” मी म्हणाले.

त्यांचे ओठ हलले. “समक्ष की…”

“समक्ष. वीत लावून.”

मला वाटलं, ते अंगणात धावतील. इतक्या वर्षांची वाट. अंगणाचं दार चार पावलांवर होतं. पण ते घोंगडी ओढत उलट दिशेने गेले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“शालन, बाहेर ये.”

काकू कणीक मळत होत्या. “मला चक्कर येते.”

“तुला नाही येत,” भाऊसाहेब म्हणाले. “तुला कधीच आली नव्हती. तू ये, मगच मी बघीन. तू नाही आलीस तर मी बघणार नाही.”

आणि ते खरोखर अंगणाकडे पाठ फिरवून उभे राहिले. बाहेर बबनराव ओरडत होते, “भाऊसाहेब, लवकर या, डावीकडला इरघळाया लागलाय.” भाऊसाहेब हलले नाहीत. मी मधे पडणार होते. पडले नाही.

काकूंनी कणकेचा गोळा परातीत ठेवला. हात न धुता उठल्या. नवऱ्याच्या शेजारून, त्याला न बघता, अंगणात गेल्या आणि मान वर केली.

भाऊसाहेब त्यांच्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनीही वर पाहिलं. मग काकू म्हणाल्या, “तवा उजवीकडला जास्त झगझगीत हुता. आन् हे शेपूट एवढं न्हवतं.”

“लिहितो,” भाऊसाहेब म्हणाले. “तसंच लिहितो.”

पंचनामा ओट्यावर बसून झाला. मौजे, तालुका, चतुःसीमा, सगळं रीतसर. ‘खबर देणार’ या ठिकाणी मी माझं नाव सांगू लागले, तर त्यांनी हात वर केला आणि लिहिलं : शालन. खबर दिल्याची तारीख त्यांनी जुनी घातली, गारपिटीच्या सकाळची. मग एक रकाना, जो तलाठ्याला उशीर झाला तर भरावाच लागतो. ‘पंचनाम्यास विलंबाचे कारण’. तिथे त्यांनी लिहिलं : ‘तलाठ्याने खबरीवर विश्वास ठेवला नाही. लोक हसले.’

कागद काकूंकडे दिला. काकूंनी चष्मा मागितला, सावकाश वाचला. बोट त्या रकान्यावर थांबलं.

“लोकांच्या आधी कोण हसलं?”

मला त्यांनी गच्चीवर सांगितलेलं आठवलं. त्यांनी मला लोकांचंच सांगितलं होतं.

त्यांनी ‘लोक हसले’ यावर रेघ मारली. खाली लिहिलं : ‘प्रथम तलाठी हसला. मग लोक.’

“खाडाखोड झाली,” ते म्हणाले. “खाडाखोडीवर सगळ्यांची सही लागते.”

मी सही केली. मी पाहिलं होतं ते त्यात होतं आणि जे मी पाहिलं नव्हतं, ते ज्याने केलं होतं त्याच्याच हातचं होतं. बबनरावांनी सही केली, पिठासकट. काकूंनी पेन घेतलं, समासात बारीक अक्षरात ‘शालन’ लिहिलं, आणि बबनरावांच्या पांढऱ्या अंगठ्याशेजारी ओल्या कणकेचा एक अंगठा उमटला.

मी वर पाहिलं तेव्हा एकच सूर्य उरला होता. भाऊसाहेबांनी वर पाहिलं नाही. ते कणकेचा अंगठा वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसले.

“आत चला,” काकू म्हणाल्या. “ताप हाय तुम्हाला. चक्कर येईल.”